तेच औषध म्हणजे नेमकं कोणतं?

मे २०२१ मधली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. विदर्भातल्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात ती काम करत होती. कोविडनंतरच्या काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण रोज वाढत होते आणि इंजेक्शनांचा तुटवडा होता. "मॅडम, डॉक्टरांनी लायपोसोमल अँफोटेरिसिन लिहिलंय, किलोला पाच मिलिग्रॅम. आज जो साठा आलाय त्यात थोडं इमल्शन आहे, बाकी साध्या कुप्या. सगळ्यांवर ठळक दिसतंय ते एवढंच, अँफोटेरिसिन बी, पन्नास मिलिग्रॅम. मात्रा तीच धरू ना?"

मी अक्षरशः ओरडले, "साध्या कुपीला अजिबात नाही!"

साधं अँफोटेरिसिन दिवसाला किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. ते पाच मिलिग्रॅम दिलं तर हृदय बंद पडू शकतं. लायपोसोमल रूपात मात्र तीन ते पाच मिलिग्रॅम ही रोजची मात्रा आहे. रेणू एकच. साध्या कुपीत तो मोकळा असतो, इमल्शनमध्ये चरबीच्या बारीक थेंबांत मिसळलेला असतो, लायपोसोमल रूपात तो चरबीच्या अतिसूक्ष्म कणात बसवलेला असतो, आणि त्या कणामुळेच मूत्रपिंडं वाचतात. त्या रात्री तिनं विचारलं म्हणून निभावलं. ज्या व्यवस्थेत रुग्णाचा जीव अशा एका फोनवर टांगलेला असतो, ती व्यवस्था मला मान्य नाही. नॅनोकणांच्या औषधांना कोणता देश कशी परवानगी देतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

साध्या गोळ्यांचा हिशोब सोपा आहे. पॅरासिटमॉलचा रेणू कुणीही बनवला तरी तो पॅरासिटमॉलच. जेनेरिक कंपनीनं रक्तातली पातळी मूळ औषधाच्या जवळपास आहे, ठरलेल्या ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसते, एवढं दाखवलं की काम झालं. शिरेतून द्यायच्या साध्या द्रावणाला तर तेवढंही लागत नाही, कारण औषध थेट रक्तातच जातं. या एका सोप्या नियमावर जगभरातली स्वस्त औषधं उभी आहेत, आणि भारताचा औषधउद्योगही.

नॅनोऔषधांत हा नियम डळमळतो, कारण इथे कण हाच औषधाचा अर्धा भाग असतो. डॉक्सोरुबिसिनचं उदाहरण घ्या. कर्करोगावरचं हे लाल रंगाचं जुनं औषध हृदयाला इजा करतं. जेरुसलेममधल्या येहेझ्केल बारेनहोल्ट्झ आणि अल्बेर्टो गाबिझोन यांच्या संशोधनातून ते शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरच्या चरबीच्या पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, कोंडलं गेलं. अमोनियम सल्फेटच्या जोरावर औषध पिशवीच्या आत ओढलं जातं आणि आत त्याचे स्फटिक होतात. बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर असतो, म्हणजे यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशींना ती पिशवी लवकर सापडत नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, या औषधाला डॉक्सिल या नावानं परवानगी दिली. नॅनोऔषधांचा इतिहास सांगताना सगळे इथूनच सुरुवात करतात. युरोपात ते कायलिक्स नावानं आलं.

आता याचं जेनेरिक करायचं म्हटलं तर काय काय जुळवावं लागेल? रेणू तर जुळेल. पण पिशवीचा आकार, तिच्या भिंतीतल्या चरबीचं प्रमाण, आत किती औषध अडकलंय आणि किती बाहेर सांडलंय, स्फटिकाचं रूप, बाहेरच्या थराची जाडी, रक्तात गेल्यावर ती किती वेगानं गळते? यातलं एक जरी हललं, तरी औषध गाठीत जाईल की त्वचेत, हे बदलू शकतं. कारखान्यातल्या एखाद्या टप्प्याचं तापमान बदलणं म्हणजे इथे औषध बदलण्यासारखंच आहे.

याच औषधावरून एक प्रकरण घडलं, आणि दोन मोठ्या नियामकांमधला फरक समजून घ्यायला मला त्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मानं डॉक्सोरुबिसिनच्या लायपोसोमल जेनेरिकसाठी युरोपात अर्ज केला. २०११ मध्ये युरोपीय औषध संस्थेनं, ईएमएनं, तो नाकारला. पिशवीत बंद असलेल्या औषधाची रक्तातली पातळी जुळत होती. पिशवीतून सुटून मोकळ्या झालेल्या औषधाबाबत मात्र साधर्म्य सिद्ध झालेलं नाही, आणि प्राण्यांवरच्या अभ्यासांनी ही शंका फिटत नाही, असं समितीचं म्हणणं होतं. युरोपचा हा आग्रह किरकोळ वाटू शकतो, कारण रक्तातलं बहुतेक सगळं औषध पिशवीतच असतं. पण गाठीवर काम करतं ते मोकळं झालेलं औषध, आणि इजाही तेच करतं.

त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत वेगळंच संकट उभं राहिलं. डॉक्सिल बनत होतं ते ओहायो राज्यातल्या बेडफर्डच्या एका कारखान्यात. नोव्हेंबर २०११ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना प्रतीक्षायादीत नाव लावायची वेळ आली. फेब्रुवारी २०१२ मध्ये एफडीएनं सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करू दिलं. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी याच कंपनीच्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला डॉक्सिलचं पहिलं जेनेरिक म्हणून रीतसर परवानगी मिळाली.

म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या औषधाला युरोपनं नाही म्हटलं आणि पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेनं हो म्हटलं. यावरून 'युरोप कडक, अमेरिका सैल' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि मला तो चुकीचा वाटतो. टंचाईनं अमेरिकेला घाई करायला लावली असेल, पण मोजपट्टी टंचाईत बनलेली नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्येच, बेडफर्डचा कारखाना बंद पडायच्या दीड-पावणेदोन वर्षं आधी, एफडीएनं या एकाच औषधासाठी मसुदा जाहीर केला होता. घटक तेच हवेत, औषध आत भरण्याची रीत तीच हवी, कणांचे गुणधर्म जुळले पाहिजेत, आणि रुग्णांच्या रक्तात बंद आणि मोकळं अशी दोन्ही रूपं मोजली पाहिजेत. कुणीही उघडून वाचावं असं ते लिहिलेलं होतं. परीक्षेचा अभ्यासक्रम आधी जाहीर झाला होता.

युरोपची रीत वेगळी. तिथे लायपोसोम, पॉलिमरचे अतिसूक्ष्म गोळे (मायसेल), लोहाचे कण अशा एकेका वर्गावर चिंतनपर टिपणं निघाली, मुख्यतः २०१३ ते २०१५ च्या दरम्यान, आणि निर्णय प्रत्येक अर्जाच्या गुणावगुणांवर. यात अनिश्चितता जास्त आहे. पण एक गोष्ट युरोप कटाक्षानं करतो. तो नकारही प्रसिद्ध करतो, कारणांसकट. वर जे मी लिहिलं ते मला कुठल्या आतल्या माणसानं सांगितलेलं नाही, ईएमएनं स्वतः जाहीर केलेलं आहे. नाकारलेल्या अर्जाची कारणं जगाला वाचता येतात, दुसरा उत्पादक त्यातून शिकतो, आणि डॉक्टरला कळतं की शंका कुठे होती. २०२२ मध्ये युरोपात अशा प्रकारच्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला परवानग्या मिळाल्याही. वाट लांब होती, पण ती कुठून कुठे गेली ते दिसतं.

नॅनोऔषध म्हणजे फक्त महागडं कर्करोगाचं इंजेक्शन, असा समज असेल तर तो आधी बाजूला ठेवायला हवा. आपल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत गरोदर बायकांना रक्तक्षयासाठी जे तपकिरी आयर्न सुक्रोज सलाईनमधून चढवतात, तेही नॅनोकणांचंच औषध आहे. लोहाच्या संयुगाचा गाभा, भोवती साखरेचं कवच, आणि हे सगळं काही नॅनोमीटरांत. दिसायला ते साधं द्रावण, म्हणून कितीतरी देशांनी वर्षानुवर्षं त्याला साध्या द्रावणाचाच नियम लावला: शिरेतून जातंय ना, मग वेगळी चाचणी कशाला?

पॅरिसमधल्या एका डायलिसिस केंद्रात ७५ रुग्णांचं मूळ आयर्न सुक्रोज बदलून त्यासारखंच दुसरं सुरू केलं गेलं. लोहाची मात्रा वाढवावी लागली, रक्तवाढीच्या इंजेक्शनाचीही वाढवावी लागली, आणि तरी हिमोग्लोबिन थोडं खालीच आलं. २०११ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध झाला. एका केंद्रातला, आधी आणि नंतर असा तुलना करणारा अभ्यास आहे तो, अखेरचा शब्द नव्हे. पण युरोपनं अशा लोहाच्या कणांना साध्या जेनेरिकच्या दारातून आत घ्यायचं नाही, हे कणांची मोजमापं आणि प्राण्यांतला प्रवास दोन्ही तपासायला सांगणारं टिपण काढून स्पष्ट केलं. कवच सैल असेल तर लोह रक्तात मोकळं होतं, आणि मोकळं लोह पेशींना जाळतं. हे रसायनशास्त्र पॅरिसमध्ये खरं आणि धारणी-नंदुरबारमध्ये खोटं असं नसतं. आपल्याकडे आयर्न सुक्रोजचे कितीतरी ब्रँड आहेत, सरकारी खरेदी निविदेनं होते आणि पुरवठादार बदलतो. बदललेल्या पुरवठादारासोबत कणही बदलला का, हे तिथल्या डॉक्टरला कळायची काहीही सोय नाही.

बाकी देशांविषयी थोडक्यात. जपाननं पॉलिमरच्या मायसेलवर युरोपबरोबर मिळून टिपण लिहिलं आणि २०१६ मध्ये लायपोसोमचे स्वतःचे निकष काढले. चीननं ऑगस्ट २०२१ मध्ये नॅनोऔषधांसाठी एकदम तीन तांत्रिक मार्गदर्शिका काढल्या. दक्षिण कोरियात पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाचं पॉलिमर मायसेलमधलं एक रूप, जेनेक्सॉल-पीएम, गेली दीड दशकाहून जास्त वापरात आहे, पण अमेरिकेत त्याला परवानगी नाही. आणि हाफ्नियम ऑक्साइडच्या कणांची गंमत पाहण्यासारखी आहे. गाठीत टोचून किरणोपचाराचा परिणाम वाढवणारे हे कण. युरोपनं २०१९ मध्ये त्यांना वैद्यकीय उपकरण म्हणून शिक्का दिला, आणि अमेरिका त्यांना औषध मानते. कण तोच, पण तेव्हा एका ठिकाणी तो यंत्राच्या कायद्याखाली गेला, दुसऱ्या ठिकाणी औषधाच्या.

आता आपल्याकडे येऊ. 'भारतात काहीच नियम नाहीत' असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि चिकित्सा चाचण्यांच्या नियमांत औषध पोचवण्याची नवी प्रणाली ही कायम 'नवं औषध' धरली आहे. साधं नवं औषध चार वर्षांनी जुनं होतं आणि त्याचा परवाना राज्याच्या पातळीवर मिळू शकतो, तसं नॅनोऔषधाचं होत नाही, त्याला केंद्रीय परवानगी लागतेच. हा नियम मला पूर्ण पटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आणि केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वंही प्रसिद्ध केली. ती वाचली आहेत, विद्यार्थ्यांना शिकवतेही. वैज्ञानिकदृष्ट्या ती चांगली आहेत.

पण ती तत्त्वं आहेत, नियम नाहीत. 'प्रत्येक प्रकरण वेगळं पाहू' ही त्यांची मुख्य भूमिका आहे. मूळ नॅनोऔषधासारखं दुसरं बनवणाऱ्यानं नेमकं काय मोजून दाखवायचं, हे एफडीएसारखं औषधागणिक लिहिलेलं नाही. प्रकरण वेगळं पाहायलाही हरकत नाही, युरोपही तेच करतो. फरक पुढे आहे. युरोप पाहिल्यावर काय दिसलं ते सांगतो. आपल्याकडे तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर येतात, एकेका औषधावर काही ओळी: कंपनीनं सादरीकरण केलं, समितीनं सविस्तर चर्चा केली, परवानगीची शिफारस केली. कणाचा आकार किती होता, किती गळत होता, कशाशी तुलना केली, यातलं काहीही कळत नाही. युरोपनं सन फार्माला का नाकारलं हे मुंबईतल्या डॉक्टरला वाचता येतं. भारतानं भारतीय कंपनीचं तसलंच औषध कशाच्या आधारावर मंजूर केलं, हे वाचता येत नाही. माझी तक्रार इथे आहे, आणि ती कंपन्यांविषयी नसून नियामकाविषयी आहे.

आपल्याकडे विज्ञान नाही म्हणून हे होतंय का? मुळीच नाही. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जीएस वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी प्रा. बी. के. बछावत यांच्याबरोबर लायपोसोमल अँफोटेरिसिनवर काम केलं, तेव्हा नॅनोऔषध हा शब्दही आपल्याकडे रुळला नव्हता. त्यातून फंगिसोम हे भारतीय औषध उभं राहिलं, आणि परदेशी औषधाच्या कितीतरी कमी खर्चात रुग्णांना मिळालं. मला त्याचा अभिमान आहे, आणि नेमक्या त्याच कारणानं एक गोष्ट सांगायला हवी. फंगिसोम मीठपाण्यात, म्हणजे सलाईनमध्ये तयार असतं आणि देण्याआधी ते अल्ट्रासॉनिक यंत्रात ठेवावं लागतं. परदेशी अँबिसोमची कोरडी भुकटी असते, ती निर्जंतुक पाण्यात कालवून डेक्स्ट्रोजमध्येच द्यायची, सलाईन लागू द्यायचं नाही. दोघांच्या पिशव्यांची चरबी वेगळी. दोन्ही चांगली औषधं, दोन्हींवर 'लायपोसोमल' हा शब्द, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी देण्यासारखी नाहीत. वर इमल्शन आहे, ते तिसरं. मे २०२१ मध्ये वर्ध्याच्या एका कंपनीनं इमल्शन बाराशे रुपयांत द्यायला सुरुवात केली, बाजारात इंजेक्शन सात हजारांच्या घरात असताना. त्या महिन्यात ते किती मोलाचं होतं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. पण 'अँफोटेरिसिन आलं' या एका वाक्यात चार वेगवेगळी औषधं दडलेली होती.

ब्रिटनच्या नियामकानं २०२० मध्येच डॉक्टर-फार्मासिस्टना बजावलं होतं की अँफोटेरिसिनची चरबीयुक्त आणि साधी रूपं एकमेकांच्या जागी देऊ नका, जिवावर बेतलेल्या चुका झाल्या आहेत. आमच्या त्या फोनच्या किमान चार महिने आधीची गोष्ट.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गांभीर्यानं घ्यायला हवेत.

पहिला पैशाचा. नियम वाढवले की औषध महागेल, छोटे उत्पादक हटतील, आणि गरीब रुग्णाला मूळ कंपनीच्या दाराशी जावं लागेल. ही भीती मला परकी नाही. जेनेरिक औषधांच्या बाजूनं मी आयुष्यभर बोलत आले आहे. पण अमेरिकेच्या उदाहरणातून उलटच दिसतं. मोजपट्टी आधीच लिहिलेली होती, म्हणून जेनेरिकला शेकडो रुग्णांवर परिणामकारकता नव्यानं सिद्ध करायची मोठी चाचणी करावी लागली नाही. कणांची मोजमापं आणि मर्यादित रुग्णांतली रक्तपातळी यांवर काम झालं. खर्च वाढवते ती अनिश्चितता. अर्ज करताना काय विचारलं जाणार हेच माहीत नसेल, तर छोटी कंपनी आधी बाद होते, मोठी नाही. आणि मोजमापाचा खर्च सरकार उचलू शकतं. अमेरिकेत मेरीलँडमधल्या फ्रेडरिकला २००४ पासून नॅनोकणांची तपासणी करणारी सार्वजनिक प्रयोगशाळा आहे, निवडलेल्या संशोधकांना ती विनामूल्य सेवा देते. तिला तिथे एनसीएल म्हणतात. पुण्यातही आपलं एक एनसीएल आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पॉलिमर आणि कण यांत तिथल्या लोकांची हयात गेली आहे. नाव जुळतंय, काम जुळवणं धोरणाचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप व्यापारी गुपितांचा. सगळं प्रसिद्ध केलं तर कंपनीची कृती फुटेल. फुटणार नाही. युरोपच्या अहवालांत गोपनीय भाग खोडलेले असतात, तरी कशावर शंका होती आणि ती कशी फिटली हे राहतंच. मला कुणाची कृती नको आहे, परवानगीचं कारण हवं आहे.

आणि एक गोष्ट जेनेरिक नावांची. डॉक्टरांनी फक्त जेनेरिक नाव लिहावं असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. तो पुन्हा येईल, यायलाही हवा. पण येताना नॅनोऔषधांची वेगळी यादी घेऊन यायला हवा. नुसतं 'डॉक्सोरुबिसिन' किंवा 'अँफोटेरिसिन बी' लिहिणं या औषधांपुरतं धोक्याचं आहे. इथे रूपही नावाचाच भाग धरला पाहिजे, आणि औषध दुकानदारानं किंवा भांडारानं डॉक्टरला न विचारता एकाच्या जागी दुसरं देण्यावर बंदी हवी.

केंद्राचे कायदे बदलायला वेळ लागेल. लेबलचे नियमही केंद्राच्या हाती आहेत. पण खरेदी राज्याची आहे. महाराष्ट्र सरकार उद्याच्या निविदेत अट घालू शकतं: अँफोटेरिसिन, डॉक्सोरुबिसिन आणि आयर्न सुक्रोज यांच्या प्रत्येक पुरवठ्याबरोबर कणाचा आकार आणि मोकळ्या औषधाचं किंवा मोकळ्या लोहाचं प्रमाण सांगणारं प्रमाणपत्र हवं. आणि खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत, चार गोष्टी: कोणतं रूप, किलोमागे जास्तीत जास्त किती, कशात कालवायचं, आणि कोणत्या रूपाच्या जागी द्यायचं नाही.

माझी विद्यार्थिनी आता दुसऱ्या रुग्णालयात आहे. त्या रात्रीनंतर तिनं भांडारात अँफोटेरिसिनचे चार वेगळे कप्पे केले आणि प्रत्येकावर हातानं लिहिलेला कागद चिकटवला. ती बदलून गेली तेव्हा तिच्या जागी आलेल्या मुलानं मला फोन करून विचारलं, हे कागद ठेवायचे की काढायचे.